वाचक विचारतात : पीएच.डी. आणि तासिका, एकाच सत्रात

प्रश्न : पीएच.डी.चं पहिलं वर्ष आहे, कोर्सवर्क सुरू होतंय. जवळच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर आठवड्याला ९ तास मिळतायत. घ्यावेत का? (एक वाचक, नांदेड)

आकडा ९ असला तरी काम ९ तासांचं नाही. नवा विषय पहिल्यांदा शिकवताना एका तासिकेच्या तयारीला दोन ते तीन तास लागतात. तीन वेगवेगळे पेपर, म्हणजे अभ्यासक्रमातले विषय, असतील, तर तासिका आणि तयारी मिळून आठवड्याचे तीस-पस्तीस तास जातात. तोच एक पेपर तीन तुकड्यांना असेल, तर पंधरा-सोळांत भागतं. म्हणून होकार देण्याआधी विभागप्रमुखांना ‘किती तास?’ यापेक्षा ‘किती पेपर?’ हे विचारा आणि एकच पेपर दोन तुकड्यांना मिळतो का ते बघा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमावलीत संशोधक विद्यार्थ्याला ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाचं काम आठवड्याला ४ ते ६ तास देता येईल, असं म्हटलं आहे. आमच्या मते कोर्सवर्कच्या सत्रात हीच मर्यादा स्वतःलाही लावून घ्यावी. कोर्सवर्क, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीचा सक्तीचा अभ्यासक्रम, किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात ५५ टक्के लागतात, आणि दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. कोर्सवर्क संपल्यावर ९ तास झेपतील. फेलोशिप चालू असेल, तर मानधन घेण्याआधी गाइडची आणि विद्यापीठाची लेखी परवानगी घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका.

पैशांचं गणितही आधीच मांडा. तासिका तत्त्वावर झालेल्या तासाचेच पैसे मिळतात. गणपती, दिवाळी, परीक्षा, गॅदरिंग यांत गेलेला तास हिशेबात येत नाही. तारीख, वर्ग, घटक आणि सही असा तक्ता स्वतःच्या वहीत ठेवा आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी विभागात सही घेऊन त्याची झेरॉक्स काढा. बिल अडकतं तेव्हा हाच कागद कामी येतो.

प्रश्न : बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलची बॅच मिळाली आहे, २० विद्यार्थी. पहिलंच टायट्रेशन. आदल्या दिवशी नेमकं काय करून ठेवू? (एक वाचक, सातारा)

टायट्रेशन म्हणजे एका द्रावणाची तीव्रता दुसऱ्या, तीव्रता माहीत असलेल्या द्रावणाने मोजणं. ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेल्या मापनळीत) ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) सोडियम हायड्रॉक्साइड आणि कोनिकलमध्ये (शंकूच्या आकाराच्या काचपात्रात) १० मि.ली. ऑक्झॅलिक आम्ल, असा प्रयोग धरू.

एक अंदाजी आणि तीन नेमकी रीडिंग घ्यायची, तर एकाला अल्कली (सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण) सुमारे ४० मि.ली. लागते. ब्युरेट खंगाळणं, पूर्ण भरणं, सांडणं धरून १५० मि.ली. समजा, म्हणजे वीस जणांना ३ लिटर. त्यासाठी १२ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड. त्याच्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, त्यामुळे अचूक वजनाचा अट्टहास व्यर्थ आहे. साडेबारा ग्रॅम झटपट मोजा, उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ठेवा. काचेच्या बाटलीचं काचेचं बूच अल्कलीने घट्ट बसतं आणि निघत नाही. ऑक्झॅलिक आम्ल मात्र नेमकं मोजायचं : लिटरला ६.३ ग्रॅम. दीड लिटर पुरतं. मग स्वतः तीन रीडिंग घेऊन अल्कलीची खरी नॉर्मॅलिटी लिहून ठेवा. जर्नल (प्रयोगवही) तपासताना तुलनेला तीच हवी.

त्याच दिवशी प्रत्येक ब्युरेटमध्ये पाणी भरून दहा मिनिटं उभी ठेवा. गळणाऱ्या बाजूला काढा किंवा काचेच्या कॉकला व्हॅसलिनचा पातळ हात द्या.

प्रॅक्टिकलला रीडिंग चुकतं तेव्हा ‘पुन्हा कर’ एवढंच म्हणू नका. चूक कुठे झाली, ते रीडिंगच सांगतं. जास्त आलं, तर तीन शक्यता बघा : ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा होता आणि मध्येच निघून गेला, ब्युरेट नुसत्या पाण्याने खंगाळल्याने अल्कली पातळ झाली, किंवा कोनिकल आम्लाने खंगाळली. कोनिकल फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायची. कमी आलं, तर फनेल ब्युरेटवरच राहून त्यातून थेंब पडत होते, किंवा पिपेट (आम्ल मोजून घ्यायची नळी) ओली होती आणि आम्ल पातळ झालं. बहुतेक नवे शिक्षक निर्देशकावर (रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या द्रव्यावर) सगळं खापर फोडतात, पण फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब पुरतात. गुलाबी छटा ३० सेकंद टिकली की थांबायचं. नंतर ती उडते, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो. विद्यार्थी तेव्हा पुन्हा थेंब टाकू लागतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

डेमो दहा मिनिटांपेक्षा लांबवू नका. ब्युरेटमागे पांढरा कागद धरून डोळा पातळीत आणायचा, हे एकेकाच्या शेजारी उभं राहून दाखवा. फळ्यावरून ते कळत नाही.

प्रश्न : विद्यार्थी माझ्याहून तीनच वर्षांनी लहान आहेत, ‘ताई’ म्हणतात. वर्गात वचक कसा राहील? (एक वाचक, कोल्हापूर)

‘ताई’ म्हणू द्या, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते नियम बदलल्याने. हजेरी कधी, जर्नल कोणत्या वारी, उशिरा आल्यास काय, हे पहिल्या तासाला फळ्यावर लिहा आणि पहिल्या पंधरवड्यात एकालाही सूट देऊ नका. व्हॉट्सॲपचे निरोप वर्ग प्रतिनिधीमार्फतच द्या-घ्या, आणि रात्री नऊनंतर उत्तर देऊ नका.

प्रश्न : अंतर्गत परीक्षेचे ६० पेपर आणि माझी कोर्सवर्कची परीक्षा एकाच आठवड्यात येतात. काय करू? (एक वाचक, जळगाव)

एका पेपरला सहा मिनिटं धरली तरी ते सहा तास आहेत, आणि एका बैठकीत ते होत नाहीत. विद्यापीठाचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी विभागप्रमुखांना भेटा. त्या वेळी चाचणी आठवडाभर अलीकडे आणणं सहज जमतं, आयत्या वेळी कुणीच तारीख हलवत नाही. तपासताना आधी पाच पेपर नुसते वाचा, मग कोणत्या मुद्द्याला किती गुण ते कागदावर मांडा. त्यानंतर सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं जा. अख्खा पेपर एकदम तपासला की चांगल्या पहिल्या उत्तराचा प्रभाव पुढच्या गुणांवर पडतो, आणि शेवटच्या गठ्ठ्यातल्या मुलांना आपल्या थकव्याचा फटका बसतो.