पाच दिवसांमागची वर्षे

प्रश्न : मी पारोळा तालुक्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षांपूर्वी माझी एक कथा दिवाळी अंकात आली; त्यानंतर एकही पूर्ण झालेली नाही. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई या देवीच्या सणाला भाऊबंद एकत्र मिळून गव्हाचे रोट नैवेद्याला करतात; ते रोट वेगळे झालेल्या दोन भावांच्या घरांची गोष्ट मनात आहे, परंतु रविवारी कामे आटोपून लिहायला बसले की चार ओळी लिहिते आणि त्या खोडून टाकते. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहिली असे वाचले, की आपल्याजवळ ती प्रतिभाच नाही असे वाटू लागते. मी काय करावे?

उत्तर : ताई, पाच दिवसांची गोष्ट खरी आहे. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ते लेखन सुरू केले आणि १३ तारखेला पूर्ण केले. परंतु त्या पाच दिवसांच्या मागे आपल्या शेजारच्या अमळनेरातील वर्षे उभी आहेत. तेथे शिक्षक असताना ते वसतिगृहातील मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत आणि १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही सुरू केले. दिवसभर वर्गात शिकवून, मुलांची दुखणीखुपणी पाहून, उद्याची पाने भरायचीच आहेत म्हणून जो लिहायला बसतो, त्याला सुचण्याची वाट पाहत थांबता येत नाही; आणि असा रोजचा सराव झालेल्या हाताला तुरुंगात निवांतपणा मिळाला, तेव्हा आईच्या आठवणी वाट न अडता कागदावर उतरल्या, असे मला वाटते.

आपली अडचण प्रतिभेची नसून रविवारची आहे. आठवड्यातून एकदाच बसल्यामुळे त्या दिवसाकडून आपण थेट कथेची अपेक्षा करता, आणि चौथी ओळ कथेच्या तोलाची वाटली नाही की हात खोडण्याकडे वळतो. रोज वीस मिनिटे बसणाऱ्याला एक वाईट पान परवडते, कारण उद्या दुसरे पान असतेच. म्हणून रविवार सोडून द्या. शाळेत निघण्यापूर्वीची किंवा रात्री स्वयंपाकघर आवरल्यानंतरची ठरावीक वेळ धरा, वहीचे एक पान भरा आणि महिनाभर मागचे काहीही वाचू नका. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पाने लिहून त्याची भरपाई करू नका; भरपाईचे ओझे साचले की वहीच नकोशी होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. उठताना वाक्य अर्धे ठेवण्याचा मला फार उपयोग झाला, कारण दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाऐवजी ते अर्धे वाक्य समोर असते.

आणखी एक शंका मला आपल्या पत्रावरून येते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या घरात अहिराणी बोलीत ‘काय करी ऱ्हायनी’ असे विचारले जात असेल आणि कागदावर आपण ‘काय करीत आहेस’ असे लिहीत असाल, तर प्रत्येक वाक्य सुचताक्षणी भाषांतरित होते आणि त्या खटाटोपात त्याचा जीव जातो. शाळेत रोज मुलांच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षिकेचा लाल पेन स्वतःच्या अहिराणीवर तर अधिकच लवकर चालतो. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते; त्यांनी घरच्या बोलीत, कामे करता करता गाणी रचली आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरवून घेतली. तेव्हा पहिला खर्डा निःसंकोच अहिराणीत लिहा. कोणती वाक्ये तशीच ठेवायची आणि कोणती प्रमाण मराठीत आणायची, हे कथा पूर्ण झाल्यावर ठरवता येईल.

उद्या कथेची सुरुवात शोधत बसू नका. दोन्ही घरे वेगळी झाल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात रोटांसाठी घरातल्या माणसांच्या नावाने गहू मोजून घेताना थोरल्या जावेने कोणाकोणाची नावे घेतली आणि कोणत्या नावाशी तिचा हात थांबला, एवढेच त्या वीस मिनिटांत लिहा.