सही नाही, तरी या गोष्टी सांभाळ

सातपूरची नोकरी सोडून अंबडला स्वतःचं मशीन टाकतोयस, ऐकून बरं वाटलं. नोकरी सोडल्यावर तसाच धंदा करणार नाही, अशा करारावर तुझी सही नाही; तरी कंपनी अडवेल ही धास्ती सोड. सही असती तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सुटल्यानंतरची धंदाबंदी सहसा टिकत नाही. (गुडविलसह, म्हणजे नावलौकिकासह, धंदा विकला असेल तर गोष्ट वेगळी.)

धोका दुसरीकडे आहे. कंपनीची ड्रॉइंग, रेटची फाइल, ग्राहकांची यादी पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊ नकोस. हातातलं कसब तुझं, कागद त्यांचे. त्यावरून कोर्ट मनाई हुकूम देऊ शकतं, सही असो वा नसो. माझ्यासोबतच्या एका पोराने जुन्या मालकाच्या ड्रॉइंगवर जॉब काढले आणि पहिलं वर्ष वकिलाकडे खेटे घालण्यात गेलं. टर्नर म्हणून त्याच्या तोडीचा माणूस मी पाहिला नाही, म्हणून अजून जीव हळहळतो.

नोटीस पिरियड संपेपर्यंत स्वतःच्या नावावर एकही ऑर्डर नको. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याचं बंधन सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच गोलिकरी नावाच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात मान्य केलंय. अपॉइंटमेंट लेटर आज रात्रीच पुन्हा वाच, गोपनीयतेची अट बहुधा त्यातच असते.