आधी फंक्शन-सेट आवर, मग झाडं वाढव

फोटो वर्गांत वाटायला तू जेनेटिक प्रोग्रामिंग घेतलंस, म्हणजे सूत्रांची झाडं आपोआप जुळवून, चांगली निवडून पिढ्यानपिढ्या सुधारत नेणारी पद्धत. पण पहिल्याच दिवशी हाताला लागतील तेवढे फिल्टर फंक्शन-सेटमध्ये, म्हणजे झाडाला वापरता येणाऱ्या क्रियांच्या यादीत, कोंबलेस, तिथेच गाडी अडली आहे. जेनेटिक प्रोग्रामिंगला पर्याय वाढवून दिले की शोधाचा पसाराही वाढतो. गाउसियन (चित्र मऊ करणारा फिल्टर), सोबेल (कडा शोधणारा फिल्टर), बेरीज, वजाबाकी आणि शेवटी सरासरी किंवा प्रमाण विचलन, एवढ्यावर सुरुवात कर. भागाकार ठेवलास तर छेद शून्य झाल्यावर काय परत द्यायचं ते आधीच ठरव.

खरा जीव फिटनेसमध्ये, म्हणजे झाडाला गुण देण्याच्या निकषात, ओत. माझ्या एका प्रयोगात अचूकता इतकी चांगली आली की मी हरखून गेलो. झाड उघडून वाचलं, तर ते फक्त कोपऱ्यातला उजेड मोजत होतं. एका वर्गाचे सगळे फोटो भर दुपारी काढलेले होते! तेव्हापासून जिंकलेलं झाड मी ओळीने वाचतो. वाचता येणं हेच तर या पद्धतीचं मोठं बळ आहे.

झाडं फुगतात, गुण मात्र तिथेच राहतात. म्हणून झाडाच्या खोलीला, म्हणजे त्यातल्या पातळ्यांना, मर्यादा हवीच. या पद्धतीचे एक प्रवर्तक जॉन कोझा यांनी १९९२ मध्ये १७ ही मर्यादा वापरली होती. चित्रांसाठी मी ८ च्या पुढे जात नाही. सारख्या उपझाडांचे निकाल साठवून ठेव, बराच वेळ वाचतो. आणि एका रनवर भरवसा नको, सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) बदलून ३० वेळा चालव.