‘स्वतःबद्दल लिही’ म्हटलं की पान कोरं का राहतं?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. पुण्याहून नोकरीसाठी ॲमस्टरडॅमला गेलात. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात तुमच्या साहेबांनी ‘तू माणूस म्हणून कशी आहेस ते लिही’ असं सांगितलं. तासभर काही सुचलं नाही, शेवटी घरच्यांबद्दल आणि टीमबद्दल लिहिलंत, त्यावर ‘यात तू कुठे आहेस?’ असा शेरा आला. आता तुम्ही विचारताय, आपल्याकडे माणसाचा ‘मी’ घडूच देत नाहीत का?

तसं नाही हो. तुमच्यात काही कमी आहे असं तर मुळीच नाही.

मी सोलापूरकडे एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. दर जूनला दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक कागद देते. वर लिहिलेलं असतं ‘मी कोण?’ आणि खाली वीस रिकाम्या ओळी. मॅनफर्ड कुन आणि थॉमस मॅकपार्टलंड या अमेरिकन संशोधकांनी 1954 साली ही चाचणी मांडली. गेल्या वर्षीचा एक कागद अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. ‘मी आईबापाची थोरली. मी दोन भावांची बहीण. मी माळकऱ्याच्या घरातली. मी एसटीने येते.’ पुढे बाराव्या ओळीत लिहिलं होतं, ‘मी आजीची लाडकी होते.’ त्या एका ‘होते’पाशी मी थांबले. आजी जाऊन चार महिने झाले होते. ‘मी कोण’ या प्रश्नाचं एक उत्तर आजीबरोबर भूतकाळात गेलं होतं. आता या मुलीला ‘यात तू कुठे आहेस?’ असं कुणी विचारलं तर काय सांगायचं? ती त्या प्रत्येक ओळीत आहे.

1991 साली हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध लिहिला आणि या विषयाची दिशाच बदलली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात माणूस स्वतःकडे सुटं, स्वयंपूर्ण एकक म्हणून पाहतो, तर जपानसारख्या समाजात तो नात्यांत गुंफलेला असतो. हे वाचलं की आपल्याला लगेच पटतं. जरा जास्तच लवकर पटतं, म्हणून मी मुलांना तिथेच थांबू देत नाही.

कारण स्टीव्हन कझिन्स यांचा 1989 चा अभ्यास. त्यांनी हाच वीस ओळींचा कागद जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना दिला. अमेरिकन मुलांनी ‘मी हौशी आहे, मी हट्टी आहे’ असे स्वभावाचे गुण भरले. जपानी मुलांच्या कागदावर ते कमी आणि भूमिका, नाती जास्त. इथवर अपेक्षेप्रमाणेच. मग त्यांनी प्रश्न थोडा बदलला: घरी असताना तू कसा असतोस, मित्रांत कसा असतोस? आणि चित्र उलटलं. आता जपानी मुलंच स्वभावाबद्दल जास्त मोकळेपणाने लिहू लागली आणि अमेरिकन मुलं ‘घरी मी कधीकधी आळशी असतो’ असं जपून लिहू लागली. म्हणजे त्या जपानी मुलांना स्वतःची ओळख नव्हती असं नाही. ‘कुठे, कुणाबरोबर’ हे धरल्याशिवाय केलेलं वर्णन त्यांना अपुरं वाटत होतं. तुमच्या कोऱ्या पानाचं कारण मला इथेच दिसतं.

रिचर्ड श्वेडर आणि एडमंड बोर्न यांनी भुवनेश्वरमधल्या ओडिया लोकांना आणि अमेरिकन लोकांना ओळखीच्या माणसांचं वर्णन करायला सांगितलं होतं, तिथेही असंच आढळलं. अमेरिकन माणूस म्हणे, ती मनमिळाऊ आहे. ओडिया माणूस म्हणे, ती सणावाराला आमच्याकडे गोडधोड घेऊन येते. दुसऱ्या वाक्यात मनमिळाऊपणा नाही असं कोण म्हणेल? तो तिथे डबा हातात घेऊन दारात उभा आहे.

आणि हे रक्तात असतं असंही समजू नका. जोन मिलर यांनी म्हैसूर आणि शिकागोमधली मुलं आणि मोठी माणसं यांची तुलना 1984 मध्ये मांडली. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण सांगताना आठ वर्षांची मुलं दोन्हीकडे बरीच सारखी होती, फरक वयाबरोबर वाढत गेला. केनियातही हीच वीस ओळींची चाचणी झाली. मसाई आणि सांबुरू या तिथल्या गुरं पाळणाऱ्या जमातींच्या उत्तरांत सुमारे 80 टक्के नाती आणि भूमिका निघाल्या, नैरोबीच्या विद्यापीठातल्या मुलांत 17 टक्के, अमेरिकन विद्यार्थ्यांत 12. देश एकच, पण नैरोबीचा विद्यार्थी मसाईपेक्षा अमेरिकन मुलाच्या कितीतरी जवळ. म्हणून ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ अशी दोन गाठोडी बांधून ठेवणं मला पटत नाही.

तुमच्या शेऱ्यामागे भाषेचाही हात असावा असं मला वाटतं. आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे. ‘आपण जाऊ’ म्हटलं की ऐकणाराही आला, ‘आम्ही जाऊ’ म्हटलं की तो बाहेर राहिला. शिवाय ‘मी केलं’ म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून आपण ‘आम्ही केलं’ म्हणतो, आणि त्यात बोलणाऱ्याचा वाटा किती ते मराठी कानाला बरोबर कळतं. इंग्रजीत हे सगळं एका ‘वुई’मध्ये बुडतं. तुमच्या साहेबांना ते कळायचं काही कारणच नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गुण शोधत बसू नका, प्रसंग लिहा. कुठलं काम अडलं होतं, कोण गप्प बसलं होतं, तुम्ही कुणाशी जाऊन बोललात, त्या दिवशी काय ठरवलंत. प्रत्येक वाक्याचा कर्ता ‘मी’ ठेवा, सुरुवातीला जड जाईल, तरी ठेवा. विद्यार्थ्यांना मुलाखतीसाठी मी हेच करायला लावते, आणि पाचव्या-सहाव्या वाक्याला त्यांचा हात मोकळा होतो.

इथे थांबले असते, पण ‘आपलं नात्यातलं मी-पण किती छान’ असा अर्थ तुम्ही काढलात तर मला वाईट वाटेल. नात्यांची वीण सगळ्यांना सारखी ऊब देत नाही. माणसाची ओळख आधी जातीने, घराण्याने ठरली की त्याची जागाही तिथेच ठरते. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आनंद व्यक्त केला होता, की या मसुद्याने गाव बाजूला ठेवून व्यक्ती हे एकक मानलं. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं त्यांच्यासाठी सुटं, स्वतंत्र ‘मी’ ही परक्यांकडून आलेली फॅशन नव्हती. तो हक्क होता, आणि तो मागून घ्यावा लागला.

माझ्या आईचं सांगते. माहेरची ती कमल. लग्नात तबकात तांदूळ पसरले, माझ्या वडिलांनी अंगठीने त्यात ‘सुनंदा’ असं लिहिलं आणि ती सुनंदा झाली. पुढे गल्लीला ती माझ्या भावाची आई म्हणूनच माहीत. वडील गेल्यावर निवृत्तिवेतनासाठी कागद गोळा करायला लागलो, तर शाळेच्या दाखल्यावर कमल आणि बाकी सगळीकडे सुनंदा. कार्यालयातल्या माणसाने तिच्याकडे न बघताच प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. कोर्टाच्या आवारात टायपिस्टने ठरलेलं वाक्य टंकलं: ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे.’ आईने ते चष्मा लावून दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, ‘सही कुठली करू गं?’

मी म्हटलं, तुला हवी ती कर. टायपिस्ट म्हणाला, बाई, दोन्ही कराव्या लागतील. तिने आधी सुनंदा लिहिलं, झरझर, रोजच्या सवयीने. मग खाली कमल लिहिलं, एकेक अक्षर जोडत, शाळेतल्या वळणाने. एवढ्या वर्षांनी तिने ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. शाई वाळेपर्यंत तिने कागद कुणाला घेऊ दिला नाही.