सूचना दहाव्या महिन्यात, नकार चौदाव्या महिन्यात

प्रश्न : सोलापुरात दुकानातून 14 महिन्यांपूर्वी 54,000 रुपयांना लॅपटॉप घेतला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे हिशेब मी घरून लिहिते, त्यावरच घर चालतं. दहाव्या महिन्यापासून ‘बॅटरी बदला’ अशी सूचना येतेय. तेव्हाच दुकानदाराला व्हॉट्सॲप केलं. ‘चालतंय तोवर चालवा’ असं उत्तर आलं. आता सर्व्हिस सेंटर म्हणतं, बॅटरीची वॉरंटी एकच वर्ष होती.

उत्तर : तो मेसेज डिलीट करू नका, तुमची सगळी भिस्त त्यावर आहे. बॅटरीला वेगळी, एक वर्षाची वॉरंटी असणं बेकायदा नाही. पण तक्रार वॉरंटीत असताना केली होती, आणि नकार आज मिळाला म्हणून ती उशिराची ठरत नाही.

कंपनी म्हणेल, ही नैसर्गिक झीज. म्हणून कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘पॉवरसीएफजी’, एक जागा सोडून ‘/बॅटरीरिपोर्ट’ (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाइप करून अहवाल काढा. त्यात मूळ क्षमता, सध्याची पूर्ण चार्ज क्षमता आणि सायकल (बॅटरी किती वेळा पूर्ण चार्जइतकी वापरली गेली) हे तीन आकडे बघा. समजा मूळ 42,000 आणि आता 23,100 मिलीवॅट-तास, म्हणजे 55 टक्केच उरली. पाचशे सायकलनंतर 75-80 टक्के उरली असती तर ती झीजच, भांडण्यात अर्थ नव्हता. पण दीडशे सायकलमध्ये 55 टक्के हा दोषाकडे बोट दाखवणारा आकडा. सोलापूरच्या उन्हाळ्यात सतत चार्जरवर ठेवल्यानेही बॅटरीची क्षमता लवकर घटते. समोरचा वकील हे विचारणारच.

गल्लीतल्या दुकानात बॅटरी बदलून जुनी तिथेच टाकून येऊ नका, पुरावा जाईल. टचपॅड वर उचललेला दिसला तर मात्र बॅटरी फुगली आहे. चार्जिंग लगेच बंद करा, दाबू-टोचू नका, फोटो काढा आणि सर्व्हिस सेंटरकडून काढून घेताना जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीचा कागद) ‘फुगलेली’ असं लिहून घ्या.

आता दुकानदार आणि कंपनी, दोघांना स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस द्या. मागणी ओरिजिनल बॅटरी आणि मजुरी एवढीच ठेवा. अख्ख्या लॅपटॉपची किंमत मागितलीत तर प्रकरण उगाच लांबेल. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, पुष्कळदा तिथेच मिटतं. नाहीच मिटलं तर सोलापूर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस कुठेही असो, 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 34नुसार तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ती ‘बॅटरी बदला’ या पहिल्या सूचनेपासून धरून चाला.

‘धंद्यासाठी घेतला, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ हा बचाव हमखास येईल. पण पोटापाण्याच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ‘धंद्यासाठी’ या व्याख्येतून वगळली आहे. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा.