किर्गिझस्तानची हवा दम्याच्या मुलाला मानवेल का?

"मुलाला लहानपणापासून दमा आहे. किर्गिझस्तानात एमबीबीएसला पाठवतोय. डोंगराळ देश, म्हणजे हवा महाबळेश्वरसारखी असेल ना?" हे वाचलं आणि मामाच डोळ्यांपुढे आला. २०१७ मध्ये हेच सांगून त्याने मला तिथल्या राजधानीत, बिश्केकला धाडलं होतं.

देश डोंगराळच आहे. नव्वद टक्क्यांहून जास्त भाग १५०० मीटरच्या वर. पण बिश्केक पायथ्याला, चुय खोऱ्यात, जेमतेम ८०० मीटरवर. हिवाळ्यात थंड हवा खोऱ्याच्या तळाशी बसून राहते, वर उबदार हवेचं झाकण. खाली औष्णिक केंद्रात कोळसा, शहराभोवतीच्या वस्त्यांत घरोघरी कोळसा. वारा पडलेला. धूर जाणार कुठे?

पहिल्याच डिसेंबरात ॲप्रन धुऊन होस्टेलच्या बाल्कनीत टाकला. सकाळी पापडासारखा कडक, त्याचं काही नाही, पण खांद्याच्या शिवणीत काजळी. नखाने खरवडली तर नख काळं. रुमालाची तीच गत. जानेवारीत खोकला इतका वाढला की भिंतीला टेकून, बसून झोपायचो. मामाला फोन केला तर म्हणे, "अभ्यास नको म्हणून नखरे. थंड हवेत छाती सुधारते." एजंट त्याच्याच ओळखीतला, दुसरं काय बोलणार!

त्या रविवारी पोरं मला वर डोंगरातल्या आला-आर्चा राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेली, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. वर लख्ख ऊन, निळं आभाळ, श्वास एकदम मोकळा. वळून पाहिलं तर खाली शहरच नाही, नुसती मातकट गोधडी अंथरलेली. फोटो काढून मामाला पाठवला. उत्तर आलं, "ढग आहेत. महाबळेश्वरलाही असतात."

मामा, महाबळेश्वरचे ढग हजारो मिलिमीटर पाऊस पाडतात. बिश्केकला बर्फ धरूनही वर्षाचं चारशे-साडेचारशे मिलिमीटर. समुद्र इतका लांब की त्या देशातली एकही नदी समुद्राला मिळत नाही.

आता तुमचं. एप्रिल ते ऑक्टोबर हवा छान असते, रस्त्याकडेच्या पाटांतून बर्फाचं पाणी खळाळतं, हेही सांगायला हवं. मीही रडतखडत सगळी वर्षं काढलीच. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं छातीच्या डॉक्टरांशी बोला, एजंटशी नको. आणि मुलगा तिकडून खोकतोय म्हणाला तर आधी खरं माना.

तो फोटो माझ्याकडे अजून आहे, तारखेसकट. हवा असेल तर खाली टाकतो. ढग आहेत का ते तुम्हीच बघा.