फळ्या बदलताय? आधी खाली उतरून बघा

नाथसागराच्या काठी आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. पाण्यावर नेलेली सागवानी वाट जागोजागी भुसभुशीत झाली आहे. गुत्तेदार म्हणतो, 'वरच्या फळ्या काढून डब्ल्यूपीसीच्या टाकू, मग बघायलाच नको.' काय करावं? (पैठण)

फळीपुरतं त्याचं बरंचसं खरं आहे, वाटेपुरतं नाही. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा प्लास्टिकमध्ये मळून साच्यातून काढलेली फळी. ती लाकडासारखी सहज कुजत नाही, दरवर्षी तेलपाणी मागत नाही. पण लाकडापेक्षा लवकर लवते, उन्हात तापली की जास्तच. म्हणून खालच्या तुळया फूट-सव्वा फुटावर हव्यात. शिवाय भरीव फळी सागवानापेक्षा बरीच जड असते. कुजक्या सांगाड्यावर ती टाकणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळ, हे गुत्तेदाराला स्पष्ट सांगा.

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पेचकस घेऊन खाली उतरा. फळी तुळईवर टेकते तिथे, स्क्रूच्या भोकांपाशी आणि खांबावर पाण्याची रेघ उमटलेली असते तिथे टोचून बघा. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी वाढत नाही. कायम बुडालेला भागही टिकतो, कारण तिथे हवा पोचत नाही. ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथेच लाकूड सडतं. जायकवाडीचं पाणी वर्षभर चढतं-उतरतं, त्यामुळे खांबाचा मोठा पट्टा या तावडीत सापडतो. पेचकस सहज रुतला तर तो खांब गेला असं समजा. त्या जागी एफआरपीचा (काचेचे तंतू घातलेल्या प्लास्टिकचा) किंवा सिमेंट काँक्रीटचा खांब घ्या. फळ्यांचा खर्च त्यानंतर.

उन्हाळ्यात डब्ल्यूपीसीच्या फळ्यांवर अनवाणी चालता येतं का? (नांदेड)

भर दुपारी नाही, पाय पोळतात. फिकट रंग घ्या, सावली करा. तापल्यावर फळी लांबीत काही मिलिमीटर वाढते. थंडीत टोकाला टोक भिडवून बसवली, तर मे महिन्यात ती उचलते. कंपनीने सांगितलेली फट सोडायलाच लावा.

मेव्हण्यांचं दापोलीजवळ समुद्रकाठी पाण्यावर वाट बांधायचं काम निघालंय. त्यांचाच आराखडा आमच्या शेततळ्यावर चालेल? (धाराशिव)

जसाच्या तसा नको. समुद्रात लाकूड पोखरणारे शिंपलावर्गीय जीव असतात आणि खारी हवा साधे स्क्रू खाऊन टाकते. तिथे 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टीलच हवं. तुमच्याकडे 304 पुरतं. तुमचा खरा शत्रू काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ रोवलेले खांब हलवते. पाया खाली मुरुमापर्यंत न्या. मात्र तळ्याच्या प्लास्टिक कागदाला भोक पाडून खांब रोवू नका. वाट बांधावरून पुढे काढा.

काढलेल्या जुन्या फळ्या बंबात जाळल्या तर? (लातूर)

साधं सागवान असेल तर हरकत नाही. पण लाकडावर हिरवट झाक असेल, तर त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं औषध मुरवलेलं असू शकतं. त्याचा धूर आणि राख दोन्ही विषारी. बंबात, चुलीत नको, राख शेतात तर मुळीच नको. नगरपालिकेच्या घनकचरा विभागाला विचारून विल्हेवाट लावा.